जुन्या बुलेटचे इंजिन खोलले आहे : सुटे भाग कशाने धुवावेत आणि कशाने धुवू नयेत

जुनी बुलेट, अकोला

नमस्कार मंडळी. वडिलांनी १९८६ मध्ये घेतलेली बुलेट ३५० ही गाडी १९९८ पासून गावाकडच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या महिन्यात ती अकोल्याला आणली, इंजिन फ्रेममधून उतरवले आणि पूर्ण खोलले. या इंजिनात तेल साठवायला क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य पेटीतच, मागच्या बाजूला, ओतीव कामातच केलेला स्वतंत्र कप्पा असतो. त्या कप्प्याच्या तळाशी दोन बोटे जाडीचा गाळ साचला होता. बांबूच्या कामटीने तो काढायला बसलो, तेव्हा वरचा थर दह्यासारखा निघाला आणि खालचा गुळाच्या ढेपेसारखा घट्ट लागला. त्यातला थोडा चिमटीत धरून उन्हात पाहिला, तर धातूचा बारीक कीस चमकत होता.

हा गाळ, हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) काजळी आणि सिलिंडरच्या फिनांत, म्हणजे गार राहण्यासाठी असलेल्या पातळ पात्यांत, बसलेली तेल-मातीची पुटे कशाने काढावीत, यासाठी हा धागा काढला आहे. ओळखीच्या प्रत्येक मेस्त्रीने वेगळे द्रव्य सांगितले. एकाने पेट्रोल सांगितले, दुसऱ्याने रॉकेल, तिसऱ्याने कॉस्टिक सोड्याचे उकळते पाणी आणि चौथ्याने थिनर. भाग स्वच्छ करण्याची घाई मला मुळीच नाही. भाग शाबूत राहावेत आणि आपणही शाबूत राहावे, एवढेच पाहायचे आहे.

पेट्रोलला मी सुरुवातीलाच नकार दिला आणि त्याचे कारण सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी नात्यातल्या एका गॅरेजात गिअरबॉक्सचे भाग पेट्रोलच्या घमेल्यात धुणे चालू होते. उजेडासाठी वायर जोडलेला साधा बल्ब जवळ टांगला होता. तो हुकावरून निसटून घमेल्याच्या काठावर फुटला. घमेल्यापाशी बसलेल्या मुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तो जगला, पण त्याच्या उजव्या हाताची बोटे आजही पूर्ण मिटत नाहीत. त्या दिवशी मी तिथे होतो, पाणी ओतायला धावलो होतो, आणि पाण्याने ती आग जमिनीवर पसरताना मी पाहिली आहे.

म्हणून मी रॉकेलकडे वळलो. रेशनवरचे निळे रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात डिझेलच हाताशी उरले. ते वापरण्याआधी एक गोष्ट शोधून वाचली आणि त्यानंतर कामाची वेळच बदलली. द्रव ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ पृष्ठभागावर सोडू लागतो, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेल आणि डिझेल या दोघांचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ‘डिझेलवर काडी टाकली तरी ते पेटत नाही’ असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते महाबळेश्वरला किंवा पौषातल्या सकाळी खरे असेल. अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४२ ते ४४ अंश होतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले घमेले त्याहून तापते. म्हणजे दुपारी दोन वाजता माझ्यासमोरचे डिझेल, जवळपास ठिणगी मिळाली तर, पेट घेण्याच्या अवस्थेत असू शकते. तेव्हापासून धुण्याचे सगळे काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळात, अंगणात, उघड्यावर करतो. झाकण असलेला पत्र्याचा पसरट डबा घेतला आहे, त्यात एका वेळी दोन लिटरांपेक्षा जास्त डिझेल घेत नाही आणि हात थांबला की झाकण लावतो. बाजूला कोरड्या वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवले आहे.

आता प्रश्न असे आहेत. हेड आणि क्रँककेस अॅल्युमिनियमचे आहेत, सिलिंडर ओतीव लोखंडाचा आहे, रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या तांब्या-पितळेच्या वाटतात आणि कार्ब्युरेटरचा धातू मला ओळखता आला नाही. या सगळ्यांना एकच उपाय चालेल का? आणि डिझेलने न निघणाऱ्या काजळीचे काय करावे?

प्रतिसाद : उद्यमनगरचा लेथ, कोल्हापूर

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नातच सगळे आले. एकच उपाय सगळ्यांना चालत नाही, आणि जिथे तो चालवला जातो तिथेच भाग मरतात. आमच्याकडे बोअरिंग-होनिंगचे, म्हणजे सिलिंडरचे भोक कापून दगडाने घासून नेमक्या मापाचे करण्याचे, काम पिढीजात आहे. ग्राहक भाग घेऊन आला की आम्ही पहिल्यांदा लोहचुंबक लावतो. चुंबक ज्याला चिकटतो तो ढीग वेगळा आणि ज्याला चिकटत नाही तो वेगळा. दुसऱ्या ढिगात हेड, क्रँककेस, पिस्टन, टायमिंग कव्हर, पुशरॉडचे दांडे, बुश, नळ्या आणि कार्ब्युरेटर येतात. कार्ब्युरेटरचे अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असते. हा दुसरा ढीग कॉस्टिकच्या जवळपासही नेऊ नका.

कॉस्टिक लोखंडावरचा तेलकट चिकटा आणि जुना रंग फार चांगला काढते, म्हणून ट्रॅक्टरचे ओतीव ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळण्याची पद्धत सर्वत्र आहे. पण अॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळते आणि विरघळताना हायड्रोजन वायू सुटतो. झाकलेल्या पिंपात तो साठला तर एका ठिणगीने स्फोट होतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने असेच एक हेड माझ्याकडे आणले. एका कारागिराने ते दुसऱ्या लोखंडी भागांबरोबर रात्रभर टाकीत सोडले होते. फिनांच्या कडा कागदासारख्या पातळ झाल्या होत्या, लोखंडी व्हॉल्व्ह सीट भोवतालचे अॅल्युमिनियम खाल्ले गेल्यामुळे उघड्या पडल्या होत्या, आणि स्पार्क प्लगच्या भोकातले आटे मी नखाने खरवडले तर भुकटी होऊन खाली पडले. त्या हेडला वाचवण्यासारखे काही राहिले नव्हते. धुण्याचा सोडा कॉस्टिकइतका जहाल नाही, पण उकळत्या पाण्यात तोही अॅल्युमिनियम काळवंडवतो आणि खातो, हे ध्यानात ठेवा.

तुमच्या सिलिंडरला कॉस्टिक वापरायचेच असेल, तर ते नेहमी थंड पाण्यात थोडे थोडे टाकावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना इतकी उष्णता निघते की पाणी उसळून अंगावर येते. पण खरे सांगायचे तर बुलेटच्या एका सिलिंडरसाठी त्याची गरजच नाही. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी कामटीने आणि ताठ ब्रशने घासा, मग भांड्यांच्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा. दोन-तीन फेऱ्यांत फिना मोकळ्या होतात.

अॅल्युमिनियमच्या बाबतीत घासण्याचे हत्यार द्रवाइतकेच महत्त्वाचे असते. हेडची आणि क्रँककेसची जी तोंडे एकमेकांवर बसतात, त्यांवर स्टीलचा पाता, ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर फिरवू नका. एक ओरखडा म्हणजे तेलाच्या गळतीला कायमची वाट. भांडी घासायच्या हिरव्या जाळीनेही गॅस्केटचे (दोन भागांमध्ये बसणाऱ्या पातळ पट्टीचे) तोंड घासू नका. त्या जाळीत अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि तो कण क्रँककेसमध्ये राहिला तर बेअरिंग आणि बुश खाऊन टाकतो. बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला, फ्लोटिंग (मोकळा फिरणारा) बुश असतो, आणि त्याला अशा कणांचे वावडे आहे.

आणखी एक गोष्ट जोर देऊन सांगतो. क्रँककेस वाळूच्या फवाऱ्याने साफ करून घेण्याची सध्या फार आवड आहे, कारण भाग नव्यासारखा पांढरा दिसतो. ओतीव अॅल्युमिनियम मऊ असते. वाळू आणि काचेचे मणी त्यात रुततात, तेलाच्या भोकांत आणि आट्यांत जाऊन बसतात, आणि इंजिन गरम झाले की सुटून तेलात येतात. बाहेरून फवारायचेच असेल तर प्रत्येक भोक बुचाने बंद करून फवारा, आतून कधीही नाही. फवारणाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न वेगळाच आहे. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्यानुसार शासनाला कळवावा लागणारा रोग आहे, आणि तो बरा होत नाही.

प्रतिसाद : तीस वर्षे गॅरेज, नगर

चर्चा चांगली चालली आहे, पण इतकी भीती मला पटत नाही. आम्ही तीस वर्षे पेट्रोलनेच भाग धुतो. पेट्रोल लगेच उडून जाते, भाग कोरडा राहतो आणि मागे तेलकटपणा उरत नाही. डिझेलने धुतलेला भाग पुन्हा धुवावा लागतो. सिगारेट ओढायची नाही एवढा नियम पाळला तर काही होत नाही.

प्रतिसाद : निवृत्त रसायनी, डोंबिवली

नगरच्या काकांच्या अनुभवाचा मान ठेवून लिहितो. पेट्रोल लगेच उडून जाते, हे तुम्ही त्याचे गुण म्हणून सांगितले, आणि त्याचा धोका नेमका तोच आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे ४० अंश आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून वाहते, मोरीत उतरते आणि दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत जाते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले की ती पेटू शकते. घमेल्यापाशी कोणी सिगारेट ओढत नसेल, पण आत देवघरात समई तेवत असते, गॅसच्या गीझरची ज्योत असते, फ्रिजचा खटका आपोआप पडत असतो. प्लास्टिकच्या टबात पेट्रोल ओतताना आणि नायलॉनच्या कपड्यांनी पुसताना स्थिर विजेची ठिणगीही पुरते. तीस वर्षांत ठिणगी आणि वाफ एकाच जागी आली नाही, म्हणून काही झाले नाही. अकोल्याच्या दादांनी सांगितलेल्या गॅरेजात ती एकदाच आली.

त्याशिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असते. आताच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा १ टक्का आहे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. ते वाफेतून श्वासावाटे आत जाते आणि काही प्रमाणात कातडीतूनही. उघड्या हातांनी रोज तासभर पेट्रोलमध्ये भाग चोळणाऱ्या पोरांसाठी मी हे कळकळीने लिहितो आहे. डिझेलने धुतलेला भाग पुन्हा साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ती दहा मिनिटे द्यावीत. ज्यांना रोज धुणे असते, त्यांनी ६० अंशांपेक्षा जास्त फ्लॅश पॉइंट असलेले डिग्रीझर किंवा पाण्यात मिसळायचे, अॅल्युमिनियमला चालेल असे स्पष्ट लिहिलेले द्रावण घ्यावे. बाटलीवरची माहिती वाचून घ्या आणि ती नसेल तर बाटली परत ठेवा.

आता काही द्रव्ये, ज्यांबद्दल कोणी बोलत नाही.

ब्रेक साफ करायचे काही फवारे क्लोरीनयुक्त द्रावकांचे असतात. ते पेटत नाहीत म्हणून लोक त्यांना निर्धोक समजतात. पण असा फवारा मारलेला भाग ओला असताना त्यावर वेल्डिंग केले किंवा ज्योत लावली, तर फॉसजीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला तोच हा वायू. त्याचा त्रास कित्येकदा काही तासांनी, फुप्फुसात पाणी भरू लागल्यावर कळतो. तुटलेल्या फिना वेल्ड करून घेणार असाल, तर वेल्डरला आधी सांगा की भाग कशाने धुतला आहे. जुन्या गॅरेजच्या कपाटात कार्बन टेट्राक्लोराइडची बाटलीही सापडते. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करणारे ते द्रव्य आहे. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून अशा वापरासाठी त्याचे उत्पादन थांबले आहे. सापडली तर उघडू नका.

अॅल्युमिनियम चकचकीत करणारी काही द्रावणे, चाके आणि एसीची जाळी धुण्याची द्रावणे, यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. मी कारखान्यात अनेक आम्ले हाताळली, पण या एका आम्लाला आम्ही सगळेच वचकून असायचो. पातळ द्रावण हातावर उडाले तर लगेच आगही होत नाही. ते कातडीतून आत उतरते, शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि वेदना काही तासांनी सुरू होते. मोठ्या भागावर पडले तर हृदय बंद पडून माणूस दगावतो. हेड चमकवण्यासाठी हे घरात आणू नये, एवढेच सांगतो.

गंजासाठी मिठाचे आम्ल (हायड्रोक्लोरिक आम्ल) वापरण्याची सवयही सोडावी. त्याच्या वाफेने शेडमधली सगळी हत्यारे आठवडाभरात तांबूस होतात. त्याहून वाईट म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट आम्लात टाकले, तर हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते आणि नंतर केव्हातरी भार असताना कडाडून तुटते. स्प्रिंगा फक्त डिझेल आणि साबणाने धुवाव्यात. गंजक्या ब्रॅकेट-पत्र्यांसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, पुरते. तासातासाने पाहत राहावे, मग सोड्याच्या पाण्यात बुचकळून, धुऊन, कोरडे करून लगेच तेल लावावे. विजेच्या साह्याने गंज काढण्याची पद्धतही चांगली आहे. एका लिटरला चहाचा चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक भागाला आणि धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र कधीही नसावी, कारण तिच्यातून कर्करोगकारक क्रोमियम पाण्यात उतरते. हे काम उघड्यावर करावे, कारण इथेही हायड्रोजन सुटतो. अॅल्युमिनियमला ही पद्धत चालत नाही.

प्रतिसाद : जुनी बुलेट, अकोला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल चुंबक घेऊन सगळे भाग वेगळे केले आणि दोन ढिगांसाठी दोन डबे ठेवले. पितळी बांजो (नळीच्या टोकाचे गोल जोड) आणि नळ्यांना आईने चिंच लावून दिली, तांब्या-पितळेची भांडी उजळतात तशी. पाच मिनिटांत उजळल्या, मग धुऊन, फुंकून, तेल लावून ठेवल्या.

आता काजळीकडे आलो आहे. हेडच्या पोकळीत आणि पिस्टनच्या माथ्यावर टणक थर आहे. वरून काळा आहे, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला करडा-पिवळसर दिसतो. तो कोरडाच खरवडला तर चालेल का? आणि जुने हेड गॅस्केट हेडला चिकटून तुकड्यातुकड्यांनी निघते आहे, आत राखाडी तंतू दिसतात.

प्रतिसाद : निवृत्त रसायनी, डोंबिवली

कृपया थांबा, आणि दोन्ही गोष्टी कोरड्या खरवडू नका.

तुमची गाडी १९८६ ते १९९८ या काळात चालली. त्या काळात आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिशाचे पेट्रोल बंद झाले. तुम्ही सांगता तो करडा-पिवळसर थर म्हणजे बहुतांशी शिशाची संयुगे समजावीत. तारेच्या ब्रशने ती धूळ उडवली तर ती श्वासातून, हातातून आणि कपड्यांतून घरात जाते. शिशाचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो, आणि त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही. पिस्टन आणि हेड आधी डिझेलमध्ये एक-दोन दिवस भिजत ठेवा. मग भाग ओला ठेवूनच बांबूच्या किंवा कठीण प्लास्टिकच्या पात्याने थर काढा. निघालेला चिखल फडक्याने टिपून झाकणाच्या डब्यात जमा करा. ही काजळी झाडूने झाडू नका. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही लावू नका.

गॅस्केटमधले राखाडी तंतू अॅस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळातली तांब्याच्या पत्र्यात बसवलेली हेड गॅस्केट, क्लचच्या प्लेटी आणि ब्रेकचे लायनर यांत अॅस्बेस्टॉस सर्रास असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक होऊन हवेत तरंगतात, आणि फुप्फुसाचा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो. म्हणून गॅस्केटवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ते चिंब करा, ओलेच काढा, ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पिशवीचे तोंड बांधा आणि दुसऱ्या पिशवीत घाला. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. तीही ओल्या फडक्यानेच पुसावी. कापडी रुमाल बांधून यातले काहीही अडत नाही. बारीक धुळीसाठी असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच लागतो, आणि द्रावकाच्या वाफेला तर तोही पुरत नाही. त्यासाठी मोकळी हवाच हवी.

प्रतिसाद : त्वचेची डॉक्टर, संभाजीनगर

मी इंजिनातली जाणकार नाही, पण गॅरेजात काम करणारे रुग्ण दर आठवड्याला पाहते, म्हणून लिहिते. जळक्या ऑइलने माखलेले हात पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत सर्वांत आधी बंद व्हावी. त्याने कातडीतला नैसर्गिक स्निग्धांश निघून जातो, कातडीला भेगा पडतात, आणि वापरलेल्या ऑइलमधली कर्करोगकारक द्रव्ये त्या भेगांतून आत जातात. हाताला आधी खोबरेल तेल चोळून चिकटा सैल करावा, मग बेसन किंवा लाकडाचा भुसा घालून चोळावे आणि शेवटी साबण लावावा. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. साधे रबरी मोजे डिझेलमध्ये फुगतात आणि फाटतात. तेलाने भिजलेले फडके खिशात ठेवणाऱ्यांच्या मांडीवर मी जुनाट पुरळ पाहिले आहे, त्यामुळे खिसा ही फडक्याची जागा नव्हे.

कॉस्टिक डोळ्यात उडाले, तर ते आम्लापेक्षा खोल जाते. वाहत्या पाण्याखाली पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान अर्धा तास डोळा धुवावा, आणि मगच रुग्णालयात जावे. लिंबू किंवा व्हिनेगर घालून उतारा करण्याचा प्रयत्न करू नये. कॉस्टिक हाताळताना साधा चष्मा नव्हे, तर बाजूने बंद असलेला गॉगल असावा. हायड्रोफ्लोरिकचा संशय असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे वेगळे उपचार करावे लागतात.

एक विनंती हात जोडून करते. रॉकेल, थिनर किंवा कोणतेही द्रावण पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नका. तहानलेले मूल ते पिते. असे झाले तर त्याला उलटी करवू नका, कारण उलटी होताना द्रव फुप्फुसात जातो. ताबडतोब रुग्णालयात न्या आणि बाटली बरोबर घेऊन जा.

प्रतिसाद : तीस वर्षे गॅरेज, नगर

वरचे सगळे वाचले. वाफ जमिनीवरून मोरीत उतरते, हे मला खरोखर ठाऊक नव्हते, आणि आमच्या शेडमध्ये धुण्याची जागा मोरीलाच लागून आहे. ती जागा हलवतो आहे. हाताखालच्या मुलांना मोजेही आणले. एक विचारायचे आहे, की धुऊन झालेले घाण डिझेल आणि जुने ऑइल यांचे काय करावे? गावाकडचे लोक वाळवीसाठी लाकडाला लावायला आणि जनावरांच्या जखमेवर फासायला मागून नेतात.

प्रतिसाद : उद्यमनगरचा लेथ, कोल्हापूर

काका, देऊ नका. वर डॉक्टरताईंनी लिहिलेल्या कारणासाठीच देऊ नका, त्यात आता शिशाचा चिखलही आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. आम्ही झाकणाच्या पिंपात साठवतो आणि असा परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याला देतो. धुण्याचे डिझेल मात्र लगेच फेकायची गरज नाही. दोन दिवस स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो, वरचे निवळ डिझेल पहिल्या धुण्याला पुन्हा चालते. शेवटच्या धुण्याला ताजेच घ्यावे.

अकोल्याच्या दादांसाठी पुढचे सांगतो. सिलिंडरला बोअर आणि होन करून झाले की तो डिझेलने किंवा पेट्रोलने पुसून घरी नेऊ नका. होनिंगच्या दगडाची पूड बोअरच्या बारीक रेघांत बसलेली असते. डिझेल तेल काढते आणि पूड तिथेच ठेवते. ती पूड फक्त गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश यांनीच वर येते. धुतल्यावर पांढऱ्या कापडाला पातळ तेल लावून बोअरमधून फिरवा. कापड करडे आले तर पुन्हा धुवा. ते स्वच्छ येईपर्यंत हे करावे लागते. आणि धुतल्यावर क्षणभरही रेंगाळू नका, कारण ओतीव लोखंड गरम पाण्यातून बाहेर काढल्यावर डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागते. कोरडे करा आणि लगेच तेल लावा.

हवेच्या दाबाने तेलाच्या वाटा फुंकताना गॉगल लावा, नोझल स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगाकडे वळवू नका, आणि बॉल बेअरिंग हवेने गरागरा फिरवून सुकवू नका. त्या आवाजाची मुलांना गंमत वाटते, पण तेलाविना फिरलेल्या गोळ्यांवर व्रण उठतात, आणि बेअरिंग फुटले तर तुकडा डोळ्यात जातो.

प्रतिसाद : जुनी बुलेट, अकोला

बोअर कालच होऊन आला. पहिल्या तीन धुण्यांत वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा दर वेळी करडा निघाला, चौथ्या वेळी स्वच्छ आला. सिलिंडर तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळला आहे. हेडवरची काजळी दोन दिवस भिजवल्यावर कामटीने पापुद्र्यांसारखी सुटली. ती आणि गॅस्केटचे तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवले आहेत.

क्रँककेस मला धुऊन झाला असे वाटले होते. आतून बाहेरून पांढरास्वच्छ दिसत होता. तरीही तेलाच्या वाटेत बाटली धुण्याचा नायलॉनचा बारीक ब्रश घालून पाहिला. दोनदा तो आरपार गेला. तिसऱ्यांदा, दुसऱ्या टोकाकडून घातल्यावर, वळणापाशी अडकला आणि बाहेर येताना हरभऱ्याएवढा काळा टणक खडा घेऊन आला. तेलाच्या दाबाने तो सुटला असता तर सरळ बिग एंडच्या बुशाकडे गेला असता. आता सगळ्या वाटा दोन्ही टोकांकडून पुन्हा साफ करतो आहे, आणि त्या झाल्याशिवाय क्रँककेसचे अर्धे जोडणार नाही.